मधलं काम कुणी करायचं?

नमस्कार श्रोतेहो.

'थेट शेतातून तुमच्या दारात' ही ओळ तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेलच. ऐकायला गोड वाटते. पण शेत आणि दार यांच्या मधे काय काय चालतं हे ज्याने एकदा तरी पाहिलंय, त्याला त्यातल्या 'थेट' या शब्दाचं हसू येतं. मला येतं, कारण त्या शब्दावर मीही एकदा भाळलो होतो.

आम्ही ३५ घरं एकत्र आलो होतो. आसपासच्या तीन शेतकऱ्यांकडून दर शनिवारी भाजी घ्यायची ठरली. दलाल नको, दुकान नको. पहिल्या शनिवारी सकाळी सहाला क्रेट येऊन पडले आणि लक्षात आलं, वजनकाटा कुणी आणलेलाच नाही. मग कुणीतरी स्वयंपाकघरातला काटा आणला, तो पाच किलोच्या वर जाईना. पालेभाजीच्या जुड्या लहानमोठ्या निघाल्या, त्यावरून कुजबुज सुरू झाली. एका पिशवीत पिचलेले टोमॅटो गेले. ते पैसे कुणी सोसायचे, पिकवणाऱ्याने, आणणाऱ्याने की वाटणाऱ्याने? ११ घरं त्या दिवशी माल न्यायलाच आली नाहीत. चौथ्या शनिवारनंतर सगळं थांबलं. तसं बंद कुणीच केलं नाही, फक्त ग्रुपवर कुणी काही लिहीनासं झालं.

दलालाला आम्ही काढलं होतं, त्याचं काम मात्र तिथेच पडून होतं. दहा ठिकाणचा माल गोळा करायचा, प्रतवारी करायची, तोलायचा, सावलीत ठेवायचा, गाडी भरायची, हिशेब लिहायचा, उधारी वसूल करायची आणि उरलेल्याचं काय करायचं ते त्याच दिवशी ठरवायचं. हे फुकटात होत नाही. मध्यस्थ असावा की नसावा यावर आपण तावातावाने बोलतो. माझ्या मते वाद घालायचा तर तो वेगळ्याच गोष्टीवर घालावा: हे मधलं काम कोण करतो, त्याचे किती घेतो आणि ते सगळ्यांना दिसतं का.

जपानमध्ये यावर फार आधी विचार झाला. तिथे शेतकरी आणि घरं यांच्यातल्या अशा भागीदारीला 'तेइकेई' म्हणतात. १९७८ साली त्यांनी तिची दहा तत्त्वं लिहून काढली. त्यातलं एक तत्त्व असं की शेतकऱ्याने पाठवलेला माल घरांनी स्वीकारायचा. भाव दोघांनी बसून, दोघांनीही थोडं सोडून ठरवायचा. वाटपही आपलं आपण करायचं. आणि गट आवरता येईल एवढाच ठेवायचा. हे शेवटचं मला फार शहाणपणाचं वाटतं. ३५ घरांचं काय झालं ते आत्ताच सांगितलं.

अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतल्या दोन शेतांनी वेगळी सुरुवात केली. तिथे घरं हंगामाच्या आधीच शेताच्या खर्चातला आपला वाटा भरतात आणि मग पिकेल त्यातला हिस्सा घेतात. गारपीट झाली तर पिशवी हलकी येते, पण पैसे परत मागायचे नाहीत. बी, खत, मजुरी हा सगळा खर्च शेतकऱ्याला आधी करावा लागतो आणि पैसा हाती येतो शेवटी. मधल्या महिन्यांत तो कर्ज काढतो. आगाऊ वाट्याने नेमकी ती फट बुजते. २००१ पासून फ्रान्समध्येही असे गट उभे राहिले. तिथे हंगामापुरता लेखी करारच होतो.

आता थोडं अंतराबद्दल. 'जवळचं खा, प्रदूषण टाळा' असं सर्रास सांगतात. त्यावर माझा फारसा भर नाही. अमेरिकी घरांच्या अन्नाचा २००८ साली एक हिशेब मांडला गेला. हवा तापवणाऱ्या वायूंच्या एकूण उत्सर्जनात शेतापासून दुकानापर्यंतच्या वाहतुकीचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास निघाला. सर्वाधिक उत्सर्जन पिकवतानाच होतं. शिवाय अर्धी रिकामी छोटी गाडी किलोमागे भरलेल्या मोठ्या ट्रकपेक्षा जास्त इंधन खाऊ शकते. 'स्थानिक' या शब्दाचंही काही खरं नाही. अमेरिकेतल्या त्याच वर्षीच्या एका कायद्याने ४०० मैलांच्या आतला माल स्थानिक मानला. म्हणजे जवळजवळ ६४० किलोमीटर!

जवळच्या शेताचा खरा फायदा टोमॅटोत बघा. लांबच्या प्रवासाला जायचा टोमॅटो हिरवा असतानाच तोडतात. वाटेत किंवा गोदामात तो लाल होतो, मऊही होतो. पण त्याला साखर पुरवतात ती झाडाची पानं, आणि देठ तुटला की तो पुरवठाच तुटतो. रंग नंतर चढतो, गोडी नाही चढत. त्यात तो कडक थंडीत ठेवला तर उरलासुरला स्वादही जातो. शेत दोन तासांवर असेल तर शेतकऱ्याला फळ झाडावर रंगू देता येतं. मुख्य म्हणजे प्रवासात टिकेल ते वाण लावण्याऐवजी त्याला चवीचं वाण लावता येतं.

घरांच्या पिशव्यांवर मात्र अख्खा प्रदेश चालत नाही. गाडी रोज भरायची तर शाळा, वसतिगृहं, दवाखाने अशी मोठी, नेमाने चालणारी स्वयंपाकघरं लागतात. ब्राझीलने २००९ साली कायदाच केला: शाळेतल्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के कौटुंबिक शेतीतल्या मालावर खर्च करायचे, असं त्या वेळी ठरलं. मुलं रोज जेवतात, त्यामुळे किती लावायचं हे शेतकऱ्याला पेरणीआधीच कळतं.

आमचं पुढे काय झालं? दीड वर्षाने आम्ही पुन्हा बसलो, या वेळी शेतकऱ्यांसकट. ३५ पैकी २२ घरं उरली. तीन महिन्यांचे पैसे आधी जमा केले. पहिली खरेदी ५० किलोच्या काट्याची. शनिवारचं काम बघायला एक जण पगारावर ठेवला आणि त्याचा पगार भाजीच्या भावाशेजारी वेगळा लिहून लावला. मागणी बुधवारी रात्री बंद होते. उशिरा आठवण झालेल्याला जे उरेल ते. वहीत एक रकाना 'कमी आलं' असा आहे. गेल्या पावसात तो सलग तीन आठवडे भरला होता. चौथ्या आठवड्यात २२ पैकी २१ पिशव्या न्यायला माणसं आली. बाविसावी माझी होती, मी गावाला गेलो होतो. ती शेजाऱ्यांनी आणून ठेवली.

नमस्कार.