दार कुणी ठोठावलं?

मंडळी, महानगराचा अभ्यास म्हटला की आकडे पुढे येतात. लोकसंख्या किती, दाटी किती, रोज कामावर जाणारे किती. आकड्यांशी माझं भांडण नाही. आज बोलायचंय ते आकडा वहीत उतरण्याआधीच्या घटकेबद्दल. दार कुणी ठोठावलं, उघडलं कुणी, आणि ठोठावणाऱ्याच्या शेजारी तेव्हा कोण उभं होतं?

चार्ल्स बूथ हा जहाजांच्या धंद्यातला माणूस. १८८६ मध्ये त्याने पदरचे पैसे घालून लंडनच्या गरिबीची पाहणी सुरू केली. ती पुढे सतरा वर्षं चालली आणि तिचे १७ खंड झाले. ३०.७ टक्के लंडनकर गरिबीत आहेत, हा तिचा गाजलेला आकडा. पण लोकांच्या लक्षात राहिला तो नकाशा. रस्त्यागणिक रंग भरलेला. श्रीमंतांचा पिवळा, त्याखाली लाल, मग गुलाबी, जांभळा, दोन निळे, आणि सगळ्यात तळाचा काळा. इतका देखणा नकाशा की तो काय सांगतो यापेक्षा तो कसा झाला हे विचारायचं राहूनच जातं.

तर, कसा झाला? सुरुवातीची माहिती आली ती मुलं शाळेत येतात की नाही हे बघायला घरोघर फिरणाऱ्या शाळा मंडळाच्या माणसांकडून. त्यांना एकेक कुटुंब तोंडपाठ. पण ज्या घरात शाळेच्या वयाचं मूल नाही, तिथे जायचं त्यांना कारणच नव्हतं. एकटी म्हातारी, लग्न न झालेला हमाल, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या दोघी मैत्रिणी... यांचा हिशेब मुलं असलेल्या घरांवरून अंदाजाने मांडला गेला. पुढे १८९० च्या दशकाच्या अखेरीस नकाशा सुधारायला घेतला, तेव्हा बूथची माणसं गस्तीच्या पोलिसाबरोबर गल्लीगल्ली फिरली. त्या वेळच्या वह्या वाचायला फार गंमत येते. फुटक्या काचा, खिडकीतली फुलं, मुलांच्या पायात बूट आहेत की नाहीत, सगळं टिपलेलं. नजर तीक्ष्ण आहे यात शंका नाही. पण गल्लीचं बरंवाईट सांगतोय शिपाई, आणि काळ्या रंगाचा खुलासा होता ‘सर्वांत खालचा वर्ग, दुर्वर्तनी, अर्धवट गुन्हेगार’. शिपायासोबत हिंडलात तर असंच शहर दिसणार.

शिकागोत दुसरी तऱ्हा. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये हल हाउस नावाचं समाजसेवेचं केंद्र सुरू केलं, ते स्थलांतरितांच्या वस्तीत राहायलाच जाऊन. तिथल्या बायकांनी १८९५ मध्ये जेमतेम एक तृतीयांश चौरस मैलाचे दोन नकाशे छापले. एकात कोण कुठल्या देशातून आलंय, दुसऱ्यात आठवड्याची मजुरी किती. दोन नकाशे शेजारी ठेवा, व्याख्यानाची गरज उरत नाही.

आणि फिलाडेल्फिया. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते हा त्या काळातला सगळ्यात प्रामाणिक अभ्यास. १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय तरुणाला शहरातल्या कृष्णवर्णीयांची पाहणी करायला बोलावलं. हुद्दा दिला साहाय्यकाचा, तोही तात्पुरता. नवी नवरी घेऊन हा गडी सातव्या वॉर्डातच राहायला गेला आणि घरोघर स्वतः गेला. हाताखाली प्रश्नावल्या भरणारी फौज नव्हती. १८९९ मध्ये ग्रंथ आला. विद्यापीठाला हवा होता शहर कशामुळे बिघडतंय याचा पुरावा. याने दाखवलं की गरिबी आणि गुन्हे हे दुखण्याचं लक्षण आहे, मूळ नाही, आणि त्या एका वॉर्डातही वरचे-खालचे थर आहेत. पण मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. त्याने पुढे लिहून ठेवलंय की वस्तीने त्याचं काही हात पसरून स्वागत केलं नाही. आपल्याला विचित्र प्राण्यासारखं न्याहाळतात, हे लोकांना आवडलं नव्हतं. रंग तोच, वस्ती तीच, तरी हातात वही आली की माणूस परका होतो.

मग कुणाला वाटेल, विचारूच नये, नुसतं पाहावं. विल्यम व्हाइट या शहरांच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून तेच केलं. त्यात एक दृश्य आहे. माणूस सुट्या खुर्चीपाशी येतो, ती चार बोटं सरकवतो आणि मग बसतो. सावली तीच, समोरचं दृश्य तेच. सरकवण्याला कारण काही नाही, पण सरकवल्यावर खुर्ची त्याची होते. कुठल्या प्रश्नावलीत हे सापडलं असतं? ‘बसण्यापूर्वी आपण खुर्ची सरकवता का?’ लोक नाहीच म्हणाले असते. पण खुर्चीवर न बसता निघून गेलेला का गेला, ते मात्र कॅमेरा सांगत नाही.

मी विद्यार्थी असताना एका दाट वस्तीत प्रश्नावल्या भरत होतो. पहिलाच रकाना: घरात माणसं किती? दार उघडलेल्या बाईंनी मलाच विचारलं, “दिवसा की रात्री?” पाळ्यांवर काम करणारी माणसं त्या खोलीत आळीपाळीने झोपत होती; एक उठला की त्याच अंथरुणावर दुसरा. मी कागदाकडे पाहिलं. रकाना एकच होता. त्यात मी ‘६’ लिहिलं आणि पुढचं दार ठोठावलं. तो आकडा दिवसाचा होता की रात्रीचा, हे आज मलाही आठवत नाही. अहवालात मात्र तो आहे.