गंगावेशला जायचं टाळायला लागलो की मी ओळखतो

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, शिवाजी पेठेतला, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो. आज जे सांगणार आहे ते घरात सांगायलाच मला लई दिवस लागले, तेव्हा बोलताना कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

पहिल्यांदा झालं ते तावडे हॉटेलजवळ. महिनाअखेर होती, दोन ट्रक भरायचे राहिलेले, मी गाडीवरनं कामावर चाललेलो आणि एकदम छातीत धडधड, हाताला मुंग्या, तोंडाला कोरड, श्वासच पुरंना, मला वाटलं आता संपलंच. गाडी कडेला लावली, हेल्मेट काढलं आणि तिथंच खाली बसलो. पंधरा-वीस मिनिटांत ओसरलं. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल आला, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणाले आणि ॲसिडिटीची गोळी दिली. पण टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही.

त्याला पॅनिक अटॅक म्हणतात हे मला आठ महिन्यांनी कळलं. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं, साधारण दहा मिनिटांत ते टोकाला जातं आणि मग आपोआप उतरतं. तरी छातीत दुखलं तर आधी ईसीजी काढाच, घरी बसून ठरवू नका.

ते आठ महिने कसे गेले ते मलाच माहीत. पहाटे चारला जाग यायची आणि डोक्यात कालचे इनव्हॉइस फिरायचे, रविवारी दुपारनंतरच पोटात गोळा यायचा, घरात तांबडा-पांढरा केलेला असायचा आणि मला चवच लागायची नाही. आणि गंगावेशचा दूध कट्टा. रात्री जेवणं झाली की आम्ही चौघं तिथं जायचो, समोर म्हैस पिळायची, फेसाळलेला ग्लास हातात यायचा, गप्पा व्हायच्या, वर्षानुवर्षं चाललेलं. ते मी टाळायला लागलो. आज पाय दुखतोय, उद्या पाहुणे आलेत. मित्रांना वाटलं ह्याला माज आलाय.

आपल्याकडं तालमीत एखाद्याचा खांदा निखळला तर वस्ताद स्वतः त्याला घेऊन जातो, बसवून आणतो, महिनाभर मातीत उतरू देत नाही. पण झोप उडालीय, रडू येतंय म्हटलं की तीच माणसं म्हणतात, मर्द गडी असून काय हे! मला ह्याचा फार त्रास झाला. एकानं तर झोपताना दोन पेग घे म्हणून सांगितलं. तसलं करू नका, दारूनं डोळा लागतो पण मध्यरात्री झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी धडधड जास्त.

शेवटी बायकोनं एक दिवस ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, मला सांगा नाहीतर डॉक्टरला सांगा. मानसोपचार डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-12 तपासलं, कारण त्यातनंही असं होऊ शकतं. मग डिप्रेशन आहे का ते बघायला गेल्या दोन आठवड्यांबद्दल 9 प्रश्न विचारले, झोप, भूक, कशात मन लागतं का, जगू नये असं वाटतं का. 27 पैकी माझे 16 झाले, जितके जास्त तितका त्रास जास्त. एवढ्या आकड्यावर निदान होत नाही, त्या माझ्याशी तासभर बोलल्या. गोळी सुरू झाली, पहिला आठवडा मळमळलं, फरक कळायला महिना गेला.

आणि मग मी चूक केली. बरं वाटतंय म्हणून गोळी मनानंच बंद केली. तीन महिन्यांत सगळं परत, आधीपेक्षा जोरात. मला वाटलं आपण वायाच गेलो. डॉक्टर म्हणाल्या, हे परत येऊ शकतं, म्हणून गोळी कमी करायची तीसुद्धा हळूहळू आणि विचारून, आणि येताना लवकर ओळखायचं.

म्हणून मी आता वही ठेवतो. कंपनीची जुनी डायरी आहे, रोज दोनच ओळी, किती तास झोपलो आणि कुणाला भेटलो. सलग चार दिवस ‘कुणाला नाही’ आलं की बायको काही न बोलता डायरी माझ्यासमोर ठेवते आणि मी अपॉइंटमेंट घेतो.

खर्चाची काळजी असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. आणि जगू नये असे विचार येत असतील तर सकाळची वाट बघू नका, आत्ता जवळच्या माणसाला उठवा आणि 14416 लावा. टेलि-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. परत सांगतो, 14416.

काल रात्रीची ओळ वाचून दाखवतो. झोप साडेपाच तास. गंगावेशला गेलो, अर्धा ग्लास प्यालो.