झाकणाच्या आतलं

आवाज ऐकला? टक्. काकांनी अंगठ्याचं नख फटीत घातलं आणि खिशातल्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, आत अजून एक झाकण, आणि ते उघडलं की मशीन.

मूर्तिजापूरच्या बाजूचं गाव आहे हे. काका एसटीत मेकॅनिक होते, रिटायर झाल्यापासून आठवडी बाजार, भंगारवाले, जुने वाडे असं फिरून खिशातली घड्याळं जमवतात. बिस्किटाच्या डब्यात ठेवलीत, प्रत्येकाला जुन्या धोतराच्या फडक्याची पुरचुंडी.

डायल बघा. वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे, कलकत्ता. ज्यांच्या घरातून आलं त्यांना वाटायचं की मुंबईत बनलंय, पण ती गावं विकणाऱ्याची, घड्याळ स्वित्झर्लंडचं. काका म्हणतात, डायल म्हणजे दुकानाची पाटी हो, कूळ पाहाचं असन तर माजघरात जा लागते.

आता भिंगातून बघा, केसच्या आत, तिळाएवढी तीन अस्वलं. हा चांदीचा शिक्का. 1887 च्या ब्रिटिश कायद्यानंतर स्विस लोक इंग्रजी बाजारासाठी चांगल्या चांदीवर तो मारायचे, हजारात 935 भाग शुद्ध. काकांना पहिल्यांदा वाटलं डाग आहे, जुन्या टूथब्रशनं घासला तेव्हा कान दिसले! केसवर एक नंबर आणि मशीनवर दुसरा, म्हणून घड्याळ खोटं होत नाही, केस एका कारखान्यातली, मशीन दुसऱ्यातलं. अमेरिकन वॉल्थम कंपनीचं घड्याळ हाती आलं तर काका आधी मशीनचा नंबर वहीत उतरवतात, कारण त्या नंबरावरूनच साल निघतं.

हे मळकं, जाड, रॉसकॉफ पद्धतीचं. जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफनं गरिबाला परवडावं म्हणून 20 फ्रँकांत घड्याळ काढलं, भाग फक्त 57, आणि 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. यात चांदी नाही, भाव नाही, काका तरी ते आधी दाखवतात.

आणि झाकणाच्या आतले हे ओरखडे. दुरुस्त करणारे घड्याळजी सुईनं आपली खूण करायचे, तारीख टाकायचे. या एका झाकणावर तीन हातांचे ओरखडे आहेत, दोन इंग्रजी, एक देवनागरी, नुसतं 'का'. कारंजा गाव की कोणाचं नाव, काका दोन वर्षं विचारत फिरतायत.

हे शकुंतला गाडीचे रूळ, आता गवतात. कापूस न्यायला इंग्रज कंपनीनं टाकलेली नॅरोगेज. गाडीच्या वेळेसाठी घड्याळ लागायचंच, आणि 1905 च्या आधी तर रेल्वे मद्रास टाइमवर, म्हणजे आजच्या वेळेच्या जवळपास 9 मिनिटं मागं, आणि मुंबईची वेळ तिसरीच.

चांदीची केस सोनार वजनावर घेतो, मशीन फेकतो, अशी कितीतरी गेली.

काका कार्ड भरतायत. केसचा नंबर, मशीनचा नंबर, शिक्का, ओरखडे, सगळं पेनानं. 'कोणाच्या घरचं' हा रकाना मात्र पेन्सिलीनं, कारण घरच्यांना खरं नाव कधीकधी चार महिन्यांनी आठवतं आणि मग फोन येतो.