इतिहास शिकून काय मिळतं, कोल्हापुरातच बघूया

[टाऊन हॉल म्युझियम. ब्राँझची छोटी मूर्ती, अगदी जवळून]

हा पोसायडन. ग्रीकांचा समुद्राचा देव. आणि सापडला कुठं, तर आपल्या पंचगंगेच्या काठावर, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, जिथनं समुद्र बघायचा म्हटलं तर अख्खा घाट उतरून कोकणात जावं लागतं.

मग हा इथं आला कसा?

[ब्रह्मपुरी, आजची वस्ती, मागं नदी]

1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ह्या टेकडीवर थर मोजत मोजत खोदकाम केलं. वरची माती नवी, खालची जुनी, आणि कुठली वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी मिळाली हे लिहून ठेवायचं, कारण मूर्ती नुसती हातात आली तर ती शोकेसमधली वस्तू होऊन बसते. इथं सातवाहनांच्या काळातली विटांची घरं निघाली, नाणी निघाली, रोमशी नातं सांगणाऱ्या वस्तू मिळाल्या, आणि हे सगळं एकत्र मांडल्यावर कळलं की जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी जहाजातनं कोकणात उतरलेला माल घाट चढून आपल्या दारात येत होता. शाळेत आम्हाला कोण आणि कधी एवढंच पाठ करायला लावलं. कसं, हे कुणी विचारलंच नाही, आणि इतिहासातली खरी मजा तर तिथंच आहे.

[ड्रोन. पन्हाळा, धुकं, मग अंबरखाना]

पन्हाळ्याचं पण तेच बघा. 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशिद, बाजीप्रभू, हे आपल्या रक्तातच आहे, नुसतं ऐकलं तरी अंगावर काटा येतो आणि यायलाच पाहिजे. पण गडावर आलेला माणूस सेल्फी काढून पुढं जातो ना, त्यानं ह्या अंबरखान्यात पाच मिनिटं तरी थांबावं. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावं, आणि एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावायचं असं सांगतात. भिंतींची जाडी बघा. मुसळधार पावसात, खाली शत्रूची छावणी, आणि गड चार महिने तग धरून राहिला त्यामागं तलवारीइतकंच हे धान्य आहे, वरच्या विहिरी आहेत, आणि ती कोठारं वेळेवर भरून ठेवणारी माणसं आहेत ज्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं जे 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून घेतले त्यात पन्हाळा आहे.

[मोडीचा वर्ग. बोरू, शाई, फळ्यावरची रेघ]

आता जरा सावकाश बघा, कारण आम्हाला सगळ्यात जास्त हे दाखवायचं होतं.

मोडी म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेत ती. ती लिहिताना आधी रेघ. पानभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं त्या रेघेला अडकवत जायची, बोरू होईल तेवढा न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्वदीर्घाची भानगड नाही. म्हणून शिकणारा पहिल्यांदा मायना पाठ करतो. 'राजश्री' कुठं दिसतं, 'गोसावी यासी' कुठं, शेवटी 'बहुत काय लिहिणे'. ही ओळखीची अक्षरं सापडली की त्यांच्यावरनं बाकीची ओळखू यायला लागतात. वेळ लागतो. खूप लागतो.

[फळ्यावर : इसन्ने अशरीन मया व अलफ]

आणि तारीख तर कोडंच. इसन्ने म्हणजे दोन, अशरीन वीस, मया शंभर, अलफ हजार. झाले 1122. हे शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली वर्षं मोजायची पद्धत, आकड्यांची नावं अरबी, वर्ष सुरू होणार मृग नक्षत्राला, म्हणजे पेरणीच्या हिशोबानं. यात 599 मिळवा, 1721 आलं, आणि वर्ष मृगाला बदलत असल्यानं त्यातले काही महिने 1722 मध्ये जातात. एवढं करून एका कागदाची तारीख लागते! ह्या वर्गातली पोरं हे बोटांवर मोजून करतात, बघा.

[करवीर गॅझेटचं पान]

26 जुलै 1902. शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखल्या. तारीख सगळ्यांना माहीत आहे, दरवर्षी स्टेटस पडतात, बॅनर लागतात. पण आदेश पूर्ण वाचा. ज्या खात्यात हे प्रमाण पन्नासच्या खाली आहे तिथं पुढची नेमणूक मागास वर्गातलीच करायची, आणि झालेल्या नेमणुकांचा तक्ता खात्यांनी दर तीन महिन्यांनी सरकारला द्यायचा. म्हणजे आदेश काढून महाराज गप्प बसले नाहीत, तो पाळला जातोय का हे तपासायची सोय त्याच कागदात करून ठेवली. 1917 च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचं पण असंच, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. आज कुठलीही योजना जाहीर झाली की हे वाचलेला माणूस पहिला प्रश्न विचारणार, तपासणार कोण आणि किती दिवसांनी? बॅनर वाचून हा प्रश्न सुचत नाही.

[कपड्यात बांधलेले रुमाल, दफ्तराची कपाटं]

2023 पासून मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्यावर मोडी वाचणारी माणसं शोधत फिरायची वेळ आली, जमिनीच्या आणि वारसाच्या जुन्या कागदांचं पण तेच.

[वर्ग सुटतोय. पोरं दप्तरं भरतायत]

तुमच्या घरात, माळ्यावर, ट्रंकेत असे कागद असतील तर रद्दीत घालू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका, कागद कायमचा जातो. फ्लॅश बंद करून फोटो काढा, कागद कोरड्या जागेत ठेवा आणि मोडी येणाऱ्या कुणाला तरी दाखवा. शिवाजी विद्यापीठात विचारा, पुराभिलेखागारात विचारा. आणि घरात कॉलेजला जाणारं पोरगं किंवा पोरगी असेल तर तिलाच ह्या वर्गाला घाला, म्हणजे पुढचा कागद तीच वाचून दाखवेल.