‘पारंपरिक’ म्हणून खपलेलं गाणं

मित्रहो, डिसेंबर लागला की मॉलपासून चर्चपर्यंत जे गाणं कानावर पडतं, ते ‘सायलेंट नाइट’ मूळचं ऑस्ट्रियातलं, जर्मन भाषेतलं. त्याची एक गोष्ट हमखास सांगतात. नाताळच्या तोंडावर उंदरांनी चर्चच्या ऑर्गनचा भाता कुरतडला आणि बिचाऱ्या पाद्र्याला घाईघाईत गिटारवर गाणं बसवावं लागलं. गोष्ट गोड आहे. पण संगीतकाराने स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतीत ना उंदीर आहेत, ना बिघडलेला ऑर्गन. उंदीर मागाहून कुणीतरी सोडले.

मला त्या उंदरांपेक्षा माणसं रंजक वाटतात. कवी योझेफ मोर १७९२ साली साल्झबर्गमध्ये जन्मला. आई अविवाहित, विणकामावर पोट भरणारी. बाप शिपाई, तो सैन्यातून पसार झालेला. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून नाव लागलं ते शहराच्या जल्लादाचं! अशा पोराला कोण विचारणार? पण कॅथीड्रलमधल्या एका धर्मगुरूने त्याचा गळा ओळखला आणि त्याला शिकवलं. अनौरस असल्यामुळे पाद्री होण्यासाठीही मोरला खास परवानगी काढावी लागली.

१८१६ साली मारियाफार या डोंगराळ गावात असताना त्याने सहा कडव्यांची कविता लिहिली. तो काळ ध्यानात घ्या. नेपोलियनच्या लढाया नुकत्या संपलेल्या. एकेकाळी आर्चबिशपची स्वतंत्र सत्ता असलेलं साल्झबर्ग या हातातून त्या हातात जात त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या पदरात पडलं. साल्झाख नदी सरहद्द झाली. पलीकडचं लाउफेन हे गाव शेजारच्या बव्हेरिया राज्यात गेलं आणि त्याचाच भाग असलेलं अलीकडचं ओबर्नडॉर्फ ऑस्ट्रियात राहिलं. मोरची पुढची नेमणूक याच ओबर्नडॉर्फला झाली. त्याच्या कवितेचं चौथं कडवं म्हणतं, की येशूने जगातल्या साऱ्या लोकांना भाऊ होऊन कवेत घेतलं. एवढ्या रक्तपातानंतर लिहिलेली ही ओळ मला साऱ्या गाण्याचं मर्म वाटते. आपण मात्र पहिलं, सहावं आणि दुसरं अशी तीनच कडवी गातो.

२४ डिसेंबर १८१८ रोजी मोरने ही कविता फ्रान्झ झावर ग्रूबरच्या हाती दिली. ग्रूबर हा विणकराचा मुलगा, जवळच्या आर्न्सडॉर्फमध्ये शाळामास्तर आणि ओबर्नडॉर्फच्या सेंट निकोलस चर्चमध्ये ऑर्गनवादक. दोन आवाज, साथीला कोरस आणि गिटार, अशी चाल मोरला हवी होती. ग्रूबरने ती त्याच संध्याकाळी करून दिली. रात्री मोरने गिटार वाजवत वरचा सूर धरला, ग्रूबरने खालचा. लोकांना गाणं आवडलं. ऑर्गनच्या कामासाठी येणारा कार्ल माउराखर हा कारागीर ते आपल्या टिरोल प्रांतातल्या त्सिलर खोऱ्यात घेऊन गेला, असं मानतात.

तिथून त्याला पाय फुटले. त्या खोऱ्यातली स्ट्रासर भावंडं हातमोजे विकायला लाइपझिगच्या बाजारात जात आणि गिऱ्हाईक जमवायला हे गाणं गात. राइनर या गाणाऱ्या कुटुंबाने १८३९ साली ते न्यूयॉर्कला नेलं. ड्रेस्डेनला ते छापलं गेलं ते ‘अस्सल टिरोली गाणी’ म्हणून. आपल्याकडे रेकॉर्डवर ‘पारंपरिक’ छापतात ना, अगदी तसंच. चाल फार भावली, तर ती साल्झबर्गच्या मिखाएल हायडन या नामांकित संगीतकाराची असणार, असंही लोक म्हणू लागले. खेड्यातल्या मास्तराला इतकी सुंदर चाल सुचेल, हे पटायला जड जात असावं.

अखेर १८५४ साली बर्लिनच्या राजदरबारी वाद्यवृंदाकडून चाल खरी कुणाची, अशी साल्झबर्गला विचारणा झाली. तेव्हा ग्रूबर साल्झबर्गजवळच्या हालाइन गावी होता. ३० डिसेंबरला त्याने गाण्याच्या जन्माची हकिकत लिहून काढली. हक्क सांगायचा म्हणून बसलेला हा माणूस सुरुवात करतो ती मोरच्या कवितेपासून, हे मला विशेष वाटतं. मोर सहा वर्षांपूर्वीच वाग्राइन गावात निष्कांचन अवस्थेत गेला होता. तिथे त्याने शाळा मात्र उभारली होती.

मोरचं चित्र कुणी काढलंच नव्हतं. म्हणून १९१२ साली शिल्प घडवण्यासाठी त्याची कवटी थडग्यातून वर काढली. ओबर्नडॉर्फचं पुराने खिळखिळं झालेलं जुनं चर्च पाडल्यावर त्या जागी छोटं स्मारक-चॅपल बांधलं, त्यात ती बसवलेली आहे. मला ही कल्पना जरा अघोरी वाटते, पण असो. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नाताळला खंदकांतल्या शत्रुसैनिकांनी लढाई थांबवून हे गाणं म्हटलं, ती गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे, म्हणून ती सोडतो.

ग्रूबरच्या हकिकतीनंतरही चालीबद्दलच्या शंका पुरत्या मिटल्या नव्हत्या. मग १९९५ साली मोरच्या हातचा एक कागद सापडला. तो साधारण १८२० चा, म्हणजे गाणं अजून गावाबाहेर फारसं गेलं नव्हतं तेव्हाचा. त्यावर शब्दांपुढे १८१६ हे साल आहे आणि चाल ग्रूबरची असल्याचं मोरनेच नोंदवलेलं आहे. दोघांनी एकमेकांची नावं बिनचूक जपली होती.

आता आपले दोन मित्र गिटारवर हे गाणं म्हणणार आहेत. मूळ जर्मनमध्ये, सहाही कडवी. अर्थाचे कागद खुर्च्यांवर ठेवले आहेत. चौथं कडवं दुसऱ्या पानावर आहे.