पुलाची जोखीम कुणाची?

(दृश्य: उलव्याजवळचं खाजण, वर अटल सेतू)

शिवडीहून निघालेला अटल सेतू इकडे न्हावा-शेव्याच्या बाजूला उतरतो. लांबी २१.८ किलोमीटर. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. त्याआधी कितीतरी वर्षं तो कागदावरच होता, आणि कागदावर मार्ग ठरला होता खासगी भागीदारीचा: कंपनीने पैसा घालून पूल बांधायचा आणि टोलमधून तो वसूल करायचा.

२००८ च्या निविदांमध्ये एका गटाने टोलवसुलीसाठी दहा वर्षांच्या आतली मुदत मागितली, दुसऱ्याने ७५ वर्षं. पूल एकच, बरं का! ती प्रक्रिया गुंडाळली गेली. पुढच्या फेरीत पाच गट पात्र ठरले, सरकार अनुदानही देणार होतं. तरी २०१३ मध्ये बोली भरायला एकही जण आला नाही. पुलावर गाड्या किती येतील, याची जोखीम कुणालाच नको होती.

मग जायका ही जपान सरकारची मदतसंस्था आली. केंद्र सरकारच्या हमीवर एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई परिसराच्या विकास प्राधिकरणाला, दीर्घ मुदतीचं कर्ज मिळालं. २०१७ मध्ये करार झाला आणि कंपन्या परत आल्या. एल अँड टीसोबत जपानची आयएचआय, टाटा प्रोजेक्ट्ससोबत कोरियाची देवू. पण भागीदार म्हणून नव्हे, ठेकेदार म्हणून. काम झालं की बिल. पूल रिकामा राहिला तरी त्यांचं काही अडत नाही. हप्ते आपल्याला चुकत नाहीत.

(दृश्य: जेएनपीटी, कंटेनर उचलणाऱ्या क्रेन)

मग भागीदारी जमते तरी कुठे? शेजारीच. जेएनपीटी, म्हणजे न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर, जागतिक बँकेचं कर्ज घेऊन उभं राहिलं, १९८९ मध्ये सुरू झालं. १९९७ मध्ये पी अँड ओ या परदेशी कंपनीशी जहाजांवरचे कंटेनर चढवण्या-उतरवण्याचं टर्मिनल चालवण्याचा ३० वर्षांचा करार झाला. देशातल्या प्रमुख बंदरांमधलं हे पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल. कंपनीने स्वतःचा पैसा ओतला, काम वेगाने केलं, हे मान्यच. पण तोवर बंदर चालू होतं, जहाजं येत होती. ताट वाढलेलं होतं, कंपनी पाटावर येऊन बसली.

(दृश्य: जासई, दास्तान फाटा)

त्या ताटाखालची जमीन मात्र आगरी-कोळी गावांची. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. कर्जाच्या करारात या गावांची सही कुठेच नव्हती.