कंडक्ट म्हणजे वर्तणूक, की वागणूक?

श्रोतेहो, नमस्कार.

शाळा सोडल्याचा दाखला तुमच्यापैकी अनेकांनी जपून ठेवला असेल. माझा घडीवर फाटलाय, मागून चिकटपट्टी लावलीय. परवा कपाट आवरताना हाती आला. 'वर्तणूक' या रकान्यात निळ्या शाईनं लिहिलंय, 'चांगली'. इंग्रजी दाखल्यावर याच जागी 'कंडक्ट' असतं. आज त्या शब्दाविषयी बोलू या.

त्याचं मूळ लॅटिन. 'कॉन' म्हणजे बरोबर आणि 'डुकेरे' म्हणजे नेणं. एसटीतला कंडक्टर याच कुळातला. एसटीच्या कागदावर तो 'वाहक' असला, तरी आपल्या तोंडी कंडक्टरच. वीज नेणारी तांब्याची तार कंडक्टर, आणि शेकडो वाद्यांना एका लयीत घेऊन जाणारे, मुंबईत जन्मलेले झुबिन मेहताही कंडक्टर. तसंच माणूस स्वतःला चारचौघांतून कसा नेतो, ते त्याचं कंडक्ट. मला याचं फार अप्रूप वाटतं, कारण आपणही हेच म्हणतो. 'आचरण' या शब्दातला 'चर्' म्हणजे चालणं-फिरणं, आणि 'चालचलणूक' तर कानालाच कळते.

आता नीट ऐका. नाम असेल तर जोर आधी येतो: कॉन्‌डक्ट. क्रियापद असेल तर नंतर: कन्‌डक्ट. हे क्रियापद आलं की आपण उगाच 'आयोजन करणे' लिहितो. परीक्षा 'घेतात', सभा 'चालवतात', पाहणी 'करतात'. घरात बोलतो तेच कागदावर का नको?

पण खरी गल्लत नामाची होते. गेल्या महिन्यात शेजारच्या मावशी एक तक्रार अर्ज घेऊन आल्या. पेन्शनच्या कामासाठी त्या एका कार्यालयात तीनदा गेल्या होत्या. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता कागद परत सरकवला होता, तिन्ही वेळा. अर्जात त्यांनी लिहिलं होतं, 'मला वाईट वर्तणूक मिळाली.'

मी म्हटलं, "मावशी, वर्तणूक मिळत नाही. वर्तणूक त्या माणसाची. तुम्हाला मिळाली ती वागणूक."

इंग्रजीत इथे दोन वेगळे शब्द लागतात, कंडक्ट आणि ट्रीटमेंट. आपल्याकडे 'वागणूक' दोन्हीकडे चालते. 'त्याची वागणूक बरी नाही' म्हणतो आणि 'सुनेला लेकीसारखी वागणूक दिली' असंही म्हणतो. 'वर्तणूक' मात्र देता-घेता येत नाही. ती ज्याची त्याची, आणि तिची नोंद होते. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या नियमांचं नावही 'महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979' असंच आहे. 'आचरण' आणखी आतलं, कोणी बघत नसतानाही चालू असणारं. दाखल्यावर ते कोण लिहिणार?

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही लिहायला हवं." त्यांनी ती ओळ खोडली आणि नवी लिहिली: 'सदर कर्मचाऱ्याची वर्तणूक उद्धट होती व मला अपमानाची वागणूक मिळाली.' मोठ्यानं वाचून बघितली, चष्मा सारखा केला आणि खाली सही केली.

नमस्कार.